लॅपटॉपवर चालतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर का नाही?

देवगडजवळच्या एका वाडीतून एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकांना विकता याव्यात म्हणून तिने स्वतः एक वेबपान तयार केलं, बटणं चालवायला जावास्क्रिप्ट ही भाषा वापरून. चार, पाच, सहा आणि सात डझनांच्या पेट्यांची चार बटणं. बटण दाबलं की दर दिसावा, नग भरले की एकूण रक्कम यावी आणि शेवटी ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर जावी. ती लिहिते: "माझ्या लॅपटॉपवर बटणं दाबली जातात. मुंबईहून गिऱ्हाईक फोन करतात की दाबून काहीच होत नाही, रिफ्रेश केलं की कधीकधी चालतं. दर मात्र सगळीकडेच 'अनडिफाइन्ड' (म्हणजे किंमतच नाही) येतो, पेटी कुठलीही निवडा. एक नाव फाईलमध्ये समोर दिसतंय तरी ब्राउझर म्हणतो असं काही नाहीच. सेटटाइमआउट लावून दोन सेकंद थांबवलं तर थोडं बरं झालं. मग कोणीतरी सांगितलं म्हणून स्क्रिप्टच्या टॅगला टाइप मॉड्यूल लावलं, तर सगळंच बंद पडलं. सीझन तोंडावर आलाय. काय करू?"

तुझ्या दोन्ही फाइली मी सावकाश वाचल्या. तुझा हिशोब बरोबर आहे, पानाची मांडणीही चांगली आहे. चुका दोनच जातीच्या आहेत. कुठली गोष्ट कधी येते, ही एक. कुठलं नाव कुठून दिसतं, ही दुसरी. आणि ज्याला तू "लॅपटॉपवर चालतं" म्हणतेस, तिथेही त्या चुका आहेतच. तुझं नेट वेगवान आहे आणि फाइली ब्राउझरच्या कॅशेत, म्हणजे उतरवून ठेवलेल्या साठ्यात, आधीच पडून आहेत, म्हणून तिथे त्या झाकल्या जातात. पहिल्यांदाच पान उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला ते झाकण मिळत नाही.

काहीही बदलण्याआधी एफ १२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, उघड. तिथे सगळं इंग्रजीत दिसेल. मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. लाल ओळी पाच-सहा असल्या तरी सगळ्यात वरची आधी वाचायची. खालच्या बहुतेक वेळा तिच्यामुळेच आलेल्या असतात. वरची दुरुस्त करायची, पान पुन्हा उघडायचं आणि मगच पुढची बघायची. पाचही एकदम दुरुस्त करायला गेलं की कुठल्या बदलाने काय सुधारलं ते कळत नाही, आणि न कळता सुधारलेली गोष्ट महिनाभराने परत बिघडते.

तुझ्या कन्सोलमध्ये पहिली ओळ आहे 'डॉलर इज नॉट डिफाइन्ड'. डॉलरचं चिन्ह म्हणजे जेक्वेरी, जावास्क्रिप्टची कामं सोपी करणारी एक तयार फाईल. तू ती एका सीडीएनवरून, म्हणजे तयार फाइली पुरवणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरून, आणतेस आणि तुझी स्वतःची फाईल तुझ्या सर्व्हरवरून येते. दोन्ही हेडमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या भागात, आहेत आणि दोन्हींच्या टॅगना तू एसिंक हा शब्द लावलास, कारण पान लवकर उघडतं असं कुठेतरी वाचलंस. एसिंकचा अर्थ नीट समजून घे, कारण तुझ्या निम्म्या तक्रारी त्या एका शब्दातून आल्या आहेत.

फाईल पानाला जोडणारा नुसता स्क्रिप्ट टॅग असला की ब्राउझर पान वाचता वाचता तिथे थांबतो, फाईल उतरवतो, चालवतो आणि मगच पुढचं पान वाचायला घेतो. एसिंक लावलं की फाईल उतरवण्यासाठी तो थांबत नाही, पण फाईल पोचल्या क्षणी हातातलं काम सोडून ती चालवतो. दोन होड्या एकाच वेळी समुद्रातून निघाल्या आणि जी आधी लागेल तिने आधी माल उतरवायचा, असा तो प्रकार आहे. तुझी फाईल तीन-चार केबीची. जेक्वेरी आवळलेली असली तरी ३० केबीच्या आसपास, आणि ती दुसऱ्या पत्त्यावरून येते म्हणजे आधी तो पत्ता शोधायचा, सुरक्षित जोडणी करायची, मग माल. साहजिकच नव्या गिऱ्हाइकाकडे तुझी छोटी होडी आधी लागते, डॉलर मागते, आणि डॉलर अजून समुद्रातच असतो. रिफ्रेश केल्यावर जेक्वेरी कॅशेतून क्षणात येते, म्हणून चालतं. "पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा चालतं" असं गिऱ्हाईक सांगतं तेव्हा माझा पहिला संशय नेहमी लोडिंगच्या क्रमावर जातो.

एसिंकच्या जागी डिफर लिही. डिफर लावलेल्या फाइलीही समांतर उतरतात, पान अडवत नाहीत, पण चालतात त्या संपूर्ण पान वाचून झाल्यावर आणि ज्या क्रमाने लिहिल्या आहेत त्याच क्रमाने. भरती पूर्ण येऊ दे, मग धक्क्यावर नंबराप्रमाणे माल उतरेल. जेक्वेरी आधी, तुझी फाईल नंतर, दोन्हींना डिफर. एका टॅगवर एसिंक आणि डिफर दोन्ही लिहिलेस तर आजचे ब्राउझर एसिंकच धरतात, म्हणून एसिंक काढूनच टाक. आणि डिफर फक्त एसआरसी असलेल्या, म्हणजे बाहेरच्या फाईलला लागू होतं. पानातच लिहिलेल्या साध्या स्क्रिप्टवर ते लावून काही होत नाही, आणि ब्राउझर त्याबद्दल तक्रारही करत नाही. खाली पानात तू जो डॉलरने सुरू होणारा दहा ओळींचा तुकडा ठेवला आहेस, तो त्यामुळे अजूनही जेक्वेरीच्या आधी चालेल. तो उचलून फाईलमध्ये ने.

माझं मत विचारशील तर तुला जेक्वेरी लागतच नाही. जॉन रेसिग यांनी ती २००६ मध्ये आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझर वेगळं वागायचा आणि तिने आमचे फार कष्ट वाचवले. मी स्वतः अनेक वर्षं तिच्यावर कामं केली. पण तू तिचा उपयोग फक्त पानातले घटक, म्हणजे बटणं-रकाने, शोधायला आणि क्लिक ऐकायला करतेस. क्वेरीसिलेक्टर आणि अ‍ॅडइव्हेंटलिसनर हे दोन्ही आता ब्राउझरमध्येच आहेत. एक होडी कमी झाली की क्रमाचा प्रश्नच उरत नाही. किनारपट्टीवर पाऊस लागला की रेंजची एखादीच कांडी दिसते, तेव्हा ३० केबी वाचणं ही लहान गोष्ट नाही.

दुसरी लाल ओळ: 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल, रीडिंग अ‍ॅडइव्हेंटलिसनर'. बरेच जण ही वाचून अ‍ॅडइव्हेंटलिसनरचं स्पेलिंग तपासत बसतात. ती ओळ सांगतेय ते एवढंच: ज्याला ऐकायला बसवतेस तो घटक सापडला नाही, त्या जागी नल, म्हणजे काहीच नाही, आलं. का सापडला नाही? एक तर आयडी, म्हणजे घटकाचं ओळखनाव, लिहिताना चूक, नाहीतर स्क्रिप्ट चालली तेव्हा ते बटण पानात यायचंच होतं. तुझ्याकडे दुसरं कारण आहे आणि डिफरने तेही मिटतं.

काही जणं यावर डीओएमकंटेंटलोडेडची, म्हणजे पान वाचून झाल्याची खबर देणाऱ्या इव्हेंटची, वाट बघा म्हणून सांगतील. सल्ला चांगला आहे, पण एसिंकबरोबर नाही. एसिंक फाईल उशिरा पोचली तर तो इव्हेंट होऊनही गेलेला असतो. मग तू होऊन गेलेल्या घटनेची वाट बघत बसतेस आणि बटणं कायमची मुकी राहतात. कन्सोलमध्ये एक ओळही येत नाही, म्हणून ही चूक सापडायला फार अवघड. डिफर फाइली त्या इव्हेंटच्या आधीच चालतात, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

तू मात्र वाट बघितलीस ती विंडोच्या लोड इव्हेंटची. तो सगळ्यात उशिरा येतो, पानातली चित्रंसुद्धा उतरल्यावर. बागेचे, अढीचे, पेटी भरतानाचे फोटो तू कॅमेऱ्यातून निघाले तसेच टाकले आहेस, एकेक चार-पाच एमबीचा. ते सगळे उतरेपर्यंत बटणं मेलेली. मुंबईतला माणूस लोकलमध्ये उभ्याने पान उघडतो. तो एवढा थांबत नाही. फोटो लहान करायलाच हवेत, पण बटणांचं जिवंत होणं फोटोंवर अवलंबून असता कामा नये. शिवाय तू दोन ठिकाणी विंडो डॉट ऑनलोडला फंक्शन, म्हणजे नंतर चालवायचा कोडचा तुकडा, दिलं आहेस. तिथे एकच जागा असते. दुसरं दिलं की पहिलं पुसलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण कधीच चालत नव्हतं ते त्यामुळे.

आता त्या दोन सेकंदांबद्दल. सेटटाइमआउटने थांबवणं हा उपाय मला मनापासून नकोसा वाटतो, आणि का ते सांगतो. त्यात तू अंदाज करतेस की दोन सेकंदांत सगळं आलेलं असेल. रत्नागिरीत फायबर असलेल्या घरात ते अर्ध्या सेकंदात येतं, म्हणजे दीड सेकंद बटण उगाच मुकं. घाटातून जाणाऱ्या एसटीत बसलेल्याकडे दहा सेकंदांतही येत नाही, म्हणजे चूक जिथल्या तिथे. जे काम क्रमाने व्हायला हवं ते घड्याळावर सोपवलं की चूक फक्त विरळ होते, आणि विरळ चूक शोधणं रोजच्या चुकीपेक्षा कितीतरी कठीण. माझ्या १५ वर्षांच्या कामात मी दुसऱ्यांच्या पानांमधून असे थांबे काढत आलो आहे. प्रत्येकाच्या मागे एक न विचारलेला प्रश्न होता: आपण नेमकी कोणाची वाट बघतोय? त्याचं उत्तर मिळालं की थांब्याची गरज उरली नाही.

आता नावांकडे येऊ. आपलं जुनं कोकणी घर डोळ्यांपुढे आण. आत माजघर, त्याच्या बाहेर ओटी, मग पडवी, पुढे खळं, आणि सगळ्यांच्या बाहेर वाडीची सामाईक विहीर. माजघरात बसलेल्या माणसाला काही हवं झालं तर तो आधी माजघरात बघतो, मग ओटीवर, मग पडवीत, खळ्यात, आणि शेवटी विहिरीपर्यंत जातो. जावास्क्रिप्ट नाव असंच शोधते, आतून बाहेर. उलटं कधी होत नाही. खळ्यातल्या माणसाला माजघरातलं कपाट दिसत नाही. फंक्शनच्या आत जाहीर केलेलं नाव बाहेरून वापरलंस तर 'नॉट डिफाइन्ड' येणारच.

यात व्हारची, म्हणजे नाव जाहीर करायच्या जुन्या शब्दाची, एक खोड आहे. व्हार फक्त घराच्या भिंती ओळखतो, खोल्यांच्या नाही. घर म्हणजे फंक्शन, खोली म्हणजे महिरपी कंस. अट घालणाऱ्या इफच्या किंवा फेऱ्या मारणाऱ्या फॉरच्या कंसात व्हारने ठेवलेली वस्तू सगळ्या घराची होते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा अवघ्या १० दिवसांत उभी केली तेव्हापासून व्हार असाच आहे. खोलीच्या भिंती ओळखणारे लेट आणि कॉन्स्ट भाषेच्या २०१५ च्या आवृत्तीत आले.

तुझा 'अनडिफाइन्ड' दर इथूनच येतो. तू फॉर लूपमध्ये व्हार आय घेऊन चारही बटणांना फंक्शनं दिलीस, आणि प्रत्येक फंक्शन म्हणतं, दरांच्या यादीतला आयवा दर दाखव. तुला वाटलं पहिल्या बटणाने ०, दुसऱ्याने १, असं आपापलं लक्षात ठेवलं. पण त्यांनी आकडा लक्षात ठेवला नाही, आय हे नाव लक्षात ठेवलं. आय सगळ्या घरात एकच. लूप संपला तेव्हा त्यात ४ होते. गिऱ्हाईक बटण दाबतं ते नंतर केव्हातरी. तेव्हा चारही फंक्शनं एकाच आयकडे बघतात आणि यादीतला चौथ्या क्रमांकाचा दर मागतात. यादी मोजली जाते ० पासून, म्हणजे चार दर ० ते ३ पर्यंतच. म्हणून अनडिफाइन्ड. व्हारच्या जागी लेट लिही, बस. लेटने लूपच्या प्रत्येक फेरीला स्वतःचा वेगळा आय मिळतो. तीन अक्षरांच्या बदलात दर दिसायला लागेल.

सगळे व्हार बदलायला घेतलेस की एक नवी ओळ दिसू शकते: 'कॅनॉट अ‍ॅक्सेस बिफोर इनिशियलायझेशन'. घाबरू नकोस. व्हार जाहीर करण्याच्या ओळीआधी वापरला तर निमूटपणे अनडिफाइन्ड द्यायचा. लेट आणि कॉन्स्ट तसं चालवून घेत नाहीत. जाहीर करण्याची ओळ वर घे, झालं.

न जाहीर करता वापरलेली नावं याहून वाईट. व्हार, लेट, कॉन्स्ट यातलं काहीच न लिहिता नावाला किंमत दिली की ते नाव थेट वाडीच्या विहिरीत जातं, म्हणजे ग्लोबल होतं. तिथे कोणीही पोहरा टाकतो. गुहागरकडच्या एका होमस्टेच्या पानावर मला हे चांगलंच जाणवलं. चार खोल्यांची बटणं लावणाऱ्या लूपमध्ये आय जाहीर केलेला नव्हता. तो लूप प्रत्येक खोलीसाठी फोटो लावणाऱ्या दुसऱ्या फंक्शनला बोलवायचा, आणि त्या फंक्शनमध्येही न जाहीर केलेला आय, तीन फोटोंसाठी. आतलं फंक्शन संपताना आय ३ असायचा, बाहेरचा लूप तो ४ करायचा आणि संपायचा. म्हणजे पहिल्याच खोलीचं बटण चालायचं. मालकांनी एक फोटो जुना झाला म्हणून काढला आणि पानच गोठायला लागलं. आता आतून आय २ येत होता, बाहेर ३ होत होता, पुन्हा आत जाऊन २, पुन्हा ३. ४ कधी येणारच नाही. एक फोटो काढल्याने पान का लटकतं, याचं उत्तर त्या दोन न जाहीर केलेल्या आयमध्ये होतं. तेव्हापासून प्रत्येक फाईलची पहिली ओळ मी 'यूज स्ट्रिक्ट' ठेवतो. ती असली की न जाहीर केलेल्या नावाला किंमत देताक्षणी ब्राउझर थांबवतो आणि ओळ क्रमांकासकट सांगतो.

तुझ्या पानात एक जागा अशी आहे की जिथे हा पहाराही पुरत नाही. रक्कम दाखवायच्या स्पॅनला, म्हणजे पानातल्या त्या छोट्या जागेला, तू 'एकूण' हा आयडी दिलास, आणि स्क्रिप्टमध्ये 'एकूण' हे नाव जाहीर न करता बेरजेत वापरलंस. ज्या घटकाला आयडी असतो तो त्या नावाने ग्लोबल म्हणूनही सापडतो, ही ब्राउझरांची जुनी सवय. त्यामुळे नाव वाचताना तक्रार येत नाही. संख्येऐवजी तो स्पॅनच हातात येतो आणि रकमेच्या जागी 'ऑब्जेक्ट एचटीएमएलस्पॅनएलिमेंट' असं काहीतरी उमटतं. फंक्शनच्या आत लेट एकूण बरोबर ० असं लिही, आणि आयडीचं नाव वेगळं ठेव.

चलांची नावं तू मराठीत ठेवलीस याचा मला खरंच आनंद झाला. दर, नग, पेटी, गिऱ्हाईक. भाषेचे राखीव शब्द सोडले तर जावास्क्रिप्टला देवनागरी नावं पूर्णपणे चालतात, आणि घरच्या माणसाला फाईल वाचून दाखवता येते. पण तुझं ते गूढ, "नाव समोर दिसतंय तरी नॉट डिफाइन्ड", ते इथलंच आहे, आणि ते शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

'गिऱ्हाईक' या शब्दातला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडून, तर दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारा जोडणारा वर्ण, झेडडब्ल्यूजे, टाकून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. जावास्क्रिप्ट मात्र रूप बघत नाही, आत साठवलेले वर्ण बघते, आणि नावांमध्ये हा न दिसणारा वर्ण तिला मान्य आहे. तुझ्या पहिल्या फाईलमधला 'गिऱ्हाईक' लॅपटॉपवर टंकलेला, तर दुसरीतला तू फोनवर लिहून चिकटवलेला दिसतोय. तिच्या लेखी ती दोन वेगळी माणसं आहेत. तपासायचं असं: कन्सोलमध्ये दोन्हीकडून तो शब्द अवतरणात चिकटव आणि डॉट लेंग्थ विचार. मला एकीकडे ८ मिळाले, दुसरीकडे ९. यावर सोपा उपाय म्हणजे नाव एकदाच टंकायचं आणि बाकी सगळीकडे तेच कॉपी करायचं, किंवा ज्या शब्दात असा अर्धा ऱ येतो तो नावासाठी टाळायचा. 'ग्राहक' लिहिलंस तर काही बिघडत नाही. दरांमध्येही सांभाळ: तुझ्या वडिलांनी देवनागरी आकड्यांत '८००' भरलं तर नंबर फंक्शन त्याला संख्या मानत नाही, नॅन, म्हणजे 'संख्या नाही', देतं.

पुढची अडचण बटणांच्या ऑनक्लिकमध्ये, म्हणजे दाबल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या जागेत, आहे. टॅगमध्येच लिहिलेल्या ऑनक्लिकमधून नाव शोधताना ब्राउझर सरळ विहिरीकडे जात नाही. वाटेत तो ते बटण, ते ज्या फॉर्ममध्ये आहे तो फॉर्म, आणि मग डॉक्युमेंट, असे तीन उंबरे ओलांडतो. तुझ्या फॉर्ममध्ये एका रकान्याचं नेम 'रक्कम' आहे आणि फंक्शनचं नावही 'रक्कम'. ऑनक्लिकमधून रक्कम बोलावलं की फॉर्मच्या उंबऱ्यावरच तो रकाना भेटतो आणि 'रक्कम इज नॉट अ फंक्शन' येतं. फंक्शन जिथल्या तिथे आहे, तिथपर्यंत शोध पोचतच नाही.

तारकर्लीच्या एका मालकांसाठी काम करताना मी याच फेऱ्यात एक अख्खी दुपार घालवली. मोकळ्या तारखांचं कॅलेंडर उघडणाऱ्या फंक्शनला नाव दिलं होतं ओपन. बटण दाबलं की पान पांढरं व्हायचं, एकही लाल ओळ नाही. ऑनक्लिकमधून शोधताना डॉक्युमेंटचं स्वतःचं ओपन आधी सापडत होतं, आणि पूर्ण उतरलेल्या पानावर ते चालवलं की पान पुसलं जातं. म्हणून टॅगमध्ये ऑनक्लिक लिहायचं मी सोडूनच दिलं. अ‍ॅडइव्हेंटलिसनरने लावलेलं फंक्शन तू लिहिलेल्या घरातच शोधलं जातं, मधले उंबरे नाहीत.

यामुळे मॉड्यूलचं कोडंही सुटतं. टाइप मॉड्यूल लावल्यावर सगळं बंद पडलं यात मॉड्यूलचा दोष नाही. तीन गोष्टी एकदम झाल्या. एक, मॉड्यूलमधली नावं त्या फाईलपुरतीच राहतात, विहिरीवर जात नाहीत, म्हणून ऑनक्लिकला ती दिसेनाशी झाली. दोन, मॉड्यूल आपोआप स्ट्रिक्ट असतं, त्यामुळे न जाहीर केलेली नावं लगेच पकडली गेली. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांच्या आधी आड आली: तू फाईलवर दोनदा क्लिक करून पान उघडत होतीस. पत्ता 'फाईल' या शब्दाने सुरू होत असेल तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने मॉड्यूल उतरवूच देत नाही. कन्सोलमध्ये सीओआरएसची, म्हणजे दुसरीकडून फाईल आणायच्या परवानगीची, ओळ येते. घरच्या घरी एक छोटा सर्व्हर चालव. पायथॉन असेल तर त्याच्यासोबत येणारा एचटीटीपी सर्व्हर एका आज्ञेत सुरू होतो, व्हीएस कोड असेल तर लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्स्टेन्शन आहे. ऑनक्लिक काढून झाल्यावर मॉड्यूल परत लाव असंच मी सांगेन. ते डिफरसारखं पान वाचून झाल्यावर चालतं आणि दोन फाइलींतली नावं एकमेकांत मिसळत नाहीत.

सध्या तुझ्या दोन्ही फाइलींच्या सुरुवातीला कॉन्स्ट दर आहे. साध्या स्क्रिप्टमध्ये त्यामुळे 'हॅज ऑलरेडी बीन डिक्लेअर्ड' येतं आणि दुसऱ्या फाईलची एकही ओळ चालत नाही. तीच फाईल चुकून दोनदा जोडली तरी हेच होतं.

सर्व्हरवर चढवताना फाईलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर बघ. तुझ्या विंडोज लॅपटॉपला पेटीचा पी मोठा की लहान याने फरक पडत नाही, लिनक्स सर्व्हरला पडतो. एफ १२ च्याच खिडकीतल्या नेटवर्क टॅबमध्ये ४०४, म्हणजे फाईल सापडली नाही, असं दिसेल. काही सर्व्हर ४०४ न देता मुखपृष्ठच पाठवतात. मग ब्राउझर ते एचटीएमएल जावास्क्रिप्ट समजून वाचायला जातो आणि पहिल्याच कोनाकृती कंसावर 'अनएक्स्पेक्टेड टोकन' म्हणून अडतो. ती ओळ दिसली की कोड वाचत बसू नकोस, नेटवर्क टॅबमध्ये त्या फाईलवर क्लिक करून नेमकं काय आलंय ते बघ.

गिऱ्हाइकाच्या फोनमधला कन्सोल तुला दिसणार नाही. म्हणून विंडोवर एरर इव्हेंट ऐकणारा चार ओळींचा तुकडा पानाच्या अगदी वर, बाकी कुठल्याही स्क्रिप्टच्या आधी ठेव. त्यात आलेला संदेश आणि ओळ क्रमांक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दाखव आणि सोबत फोन नंबर दे, म्हणजे काही अडलं तरी ऑर्डर फोनवर येईल आणि तुला चूक वाचून दाखवता येईल. दुसऱ्या पत्त्यावरून आलेल्या फाइलीतली चूक असेल तर तिथे नुसतं 'स्क्रिप्ट एरर' एवढंच येतं. जेक्वेरी काढायला हे आणखी एक कारण.

आज रात्री एवढंच कर: एसिंक काढून डिफर, लूपमधला व्हार काढून लेट, आणि दोन सेकंदांचा थांबा पुसून टाक. मग नेटवर्क टॅबमध्ये डिसेबल कॅशेवर खूण कर, वेगाच्या यादीतून थ्रीजी निवड आणि पान दहा वेळा उघडून दहाही वेळा चारही बटणं दाबून बघ. ऑनक्लिक आणि मॉड्यूलचं काम उद्या उजेडी. दहातल्या एकाही वेळी बटण मुकं राहिलं तर कन्सोलमधली सगळ्यात वरची ओळ जशीच्या तशी मला पाठव, मी बघतो.